जुन्या नकाशातले देहरादून

भूगोलाच्या तासाला वर्गात भारताचा नकाशा टांगलेला असतो. त्यात देहरादून शोधून काढा. हिमालयाच्या पायथ्याशी एक ठिपका आणि शेजारी नाव, एवढेच तुम्हांला दिसेल. त्या गावाजवळून किती नद्या वाहतात, शेते कोठे आहेत, कोणता रस्ता चढाचा आहे आणि कोणता उताराचा, हे भिंतीवरचा नकाशा सांगत नाही. त्यासाठी वेगळा नकाशा लागतो. त्याला स्थलनिर्देशक नकाशा म्हणतात.

'नकाशा' हा शब्द तुम्हांला परका नाही. तुम्ही घरी ज्याला 'नक्शा' म्हणता, तोच शब्द मराठीत येऊन 'नकाशा' झाला. जमीन, हद्द, शहर, तहसील हे शब्दही तसेच. नकाशा वाचताना असे ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतात.

आज आपण देहरादूनचा जुना, इंग्रजी अमदानीतला स्थलनिर्देशक नकाशा वाचू. 'पाहू' असे न म्हणता मी मुद्दाम 'वाचू' म्हटले आहे. चित्र पाहतात; नकाशा वाचावा लागतो.

आधी नावाचा अर्थ. हिमालयाच्या रांगा आणि त्यांच्या दक्षिणेकडील शिवालिक टेकड्या यांच्यामध्ये लांबट खोरी आहेत. अशा खोऱ्याला 'दून' म्हणतात. 'देहरा' हा शब्द 'डेरा' यापासून आला. शिखांचे सातवे गुरू हरराय यांचे पुत्र रामराय १६७६ साली या खोऱ्यात आले. औरंगजेबाने त्यांच्यासाठी गढवालचा राजा फतेहशाह याच्याकडे शिफारस केली होती. रामराय यांच्या डेऱ्याभोवती वस्ती वाढली. डेऱ्याचे दून ते देहरादून. त्यांच्या दरबाराची इमारत आजही गावाच्या मध्यभागी उभी आहे. तिचे घुमट आणि मिनार मोगल धाटणीचे आहेत.

आता नकाशाच्या वरच्या कोपऱ्याकडे पाहा. तेथे एक क्रमांक असतो : ५३ जे/३. आगगाडीच्या डब्याला क्रमांक असतो तसाच हा. तो कसा तयार होतो, हे एकदा समजले की कोणत्याही गावाचे पत्रक शोधता येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चार अंश रुंद आणि चार अंश उंच असे मोठे चौकोन पाडले आणि त्यांना अंक दिले. ५३ हा चौकोन २८ ते ३२ उत्तर अक्षांश आणि ७६ ते ८० पूर्व रेखांश यांच्यामध्ये येतो. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग केले. त्यांना ए पासून पी पर्यंत इंग्रजी अक्षरे दिली. वायव्य कोपऱ्यापासून सुरुवात करायची, वरून खाली चार घरे उतरायची आणि मग शेजारच्या उभ्या ओळीत पुन्हा वर जायचे, हा क्रम आहे. असे मोजत गेल्यास 'जे' हे घर ३० ते ३१ अक्षांश आणि ७८ ते ७९ रेखांश यांचे येते. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग. तिसऱ्या भागात देहरादून शहर आहे. त्याच पत्रकाच्या वरच्या भागात मसुरीही आहे.

या जुन्या नकाशाचे प्रमाण एक मैलाला एक इंच असे होते. पुढे देशात दशमान पद्धत आली आणि एक किलोमीटरला दोन सेंटिमीटर, म्हणजे १ : ५०,००० हे प्रमाण रूढ झाले. देहरादून ते मसुरी हे सरळ रेषेतील अंतर सुमारे दहा मैल. जुन्या नकाशावर ते दहा इंच भरेल. पट्टी ठेवून मोजता येईल इतके सोपे. पण कागदावरचे दहा इंच आणि पायाखालचे दहा मैल यांत एक मोठा फरक असतो. कागद सपाट आहे, जमीन सपाट नाही.

हा फरक दाखवण्यासाठीच तपकिरी रंगाच्या समोच्च रेषा असतात. समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर असलेली ठिकाणे एका रेषेने जोडली की समोच्च रेषा होते. पत्रकाच्या उत्तर भागात या रेषा एवढ्या दाट आहेत की कागदच तपकिरी वाटतो. तो मसुरीचा डोंगर. देहरादून सुमारे ६४० मीटर उंचीवर आहे आणि मसुरी सुमारे २,००० मीटर उंचीवर. ही चढण बहुतेक सगळी शेवटच्या काही मैलांत आहे. रेषा दाट असतील तेथे चढ तीव्र, विरळ असतील तेथे मंद.

डोंगराच्या पायथ्याशी राजपूर नावाचे गाव आहे. पूर्वी मसुरीला जाणारे लोक येथे थांबत आणि पुढे घोड्यावरून किंवा डोलीतून वर चढत. राजपूर हजार मीटर उंचीच्या आसपास आहे. तेथून देहरादूनच्या रेल्वे स्थानकापर्यंत दहा-अकरा किलोमीटरमध्ये जमीन साडेतीनशे मीटर खाली उतरते. डोळ्यांना हा उतार फारसा जाणवत नाही. सायकलवाल्याला मात्र चांगला माहीत असतो : येताना पायडल मारावे लागत नाही, जाताना छाती भरून येते! हा उतार लक्षात ठेवा, कारण देहरादूनच्या पाण्याची सगळी गोष्ट त्यावर अवलंबून आहे.

नकाशात शहराच्या दोन बाजूंना दोन नद्या दिसतात. पूर्वेला रिस्पना, पश्चिमेला बिंदाल. दोन्ही दक्षिणेकडे जाऊन सुसवा नदीला मिळतात, सुसवा सोंग नदीला आणि सोंग गंगेला. शहराच्या पश्चिमेला थोडे पुढे गेले की टोन्स नावाची नदी लागते. तिचे पाणी मात्र आसन नदीतून यमुनेला जाते. म्हणजे गंगेचे पाणी आणि यमुनेचे पाणी वेगळे करणारा जलविभाजक या खोऱ्याच्या मध्यातून जातो. तो एखाद्या डोंगराचा उंच कणा नाही. साध्या, रुंद उंचवट्यासारखी जमीन आहे. पायी चालणाऱ्याला तो कळणारही नाही, समोच्च रेषांवरून मात्र कळतो. या उंचवट्याच्या दोन बाजूंना पडलेले पावसाचे दोन थेंब शेकडो मैल वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि प्रयागराजला पुन्हा भेटतात.

आता एक गंमत पाहा. या नद्यांच्या नावापुढे कोठे कोठे 'राव' असे लिहिलेले आढळते. बिंदाल राव, रिस्पना राव. आपल्याकडे माधवराव, गणपतराव असतात, तसा हा मानाचा शब्द नव्हे. त्या भागात पावसाळी ओढ्याला 'राव' म्हणतात. आणि नकाशात हे ओढे निळ्या रंगात नसून काळ्या रंगात आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात बारमाही पाणी निळ्या रंगाने दाखवतात. वर्षाचा बराच काळ कोरड्या राहणाऱ्या पात्राच्या कडा काळ्या रेषांनी दाखवतात. परीक्षेत पुष्कळ विद्यार्थी हा फरक विसरतात. त्या काळ्या रंगात एक सूचनाही असते. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

डोंगरातून वाहत येणारे पाणी कोरडे कसे होते? मसुरीच्या डोंगरातून उतरणारे ओढे आपल्याबरोबर दगडगोटे, खडे आणि वाळू आणतात आणि पायथ्याशी टाकतात. हजारो वर्षांत या गाळाचा जाड थर साचला आहे. चाळणीत ओतलेले पाणी जसे खाली जाते, तसे पाणी या थरात मुरते. दक्षिणेकडे खोऱ्याच्या सखल भागात ते झऱ्यांच्या व दलदलीच्या रूपाने पुन्हा वर येते. म्हणजे जेथे गाव वसले तेथे पाणी जमिनीच्या खूप खाली. दोन्ही बाजूंना नद्या, आणि प्यायला पाण्याची वानवा.

यावर उपाय कालव्याचा. राजपूरजवळ रिस्पनेचे पाणी मुरण्याआधीच वळवायचे आणि उतारावरून गावात आणायचे. पंप नको, रहाट नको. उतार आपले काम करतो. हा राजपूर कालवा सतराव्या शतकात गढवालची राणी कर्णावती हिने काढला, अशी परंपरा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रोबी कॉटली या अभियंत्याच्या काळात दून खोऱ्यात कालव्यांची मोठी कामे झाली. हाच कॉटली पुढे गंगेच्या मोठ्या कालव्यामुळे प्रसिद्ध झाला. तो कालवा १८५४ साली सुरू झाला. दूनमधल्या कालव्यांत एक 'बीजापूर' कालवाही आहे. आदिलशाहीच्या विजापूरशी त्याचा काही संबंध नाही. तो टोन्स नदीवरून निघतो. नकाशात कालवे कसे ओळखायचे? नदी वेडीवाकडी वळते. कालवा मात्र समोच्च रेषांचा अंदाज घेत, हिशेबाने जातो. माणसाने आखलेली रेषा बहुधा ओळखू येते.

कालव्याचे पाणी जेथे पोहोचले आणि मुरलेले पाणी जेथे वर आले, तेथे नकाशावर पिवळा रंग आहे. पिवळा रंग म्हणजे शेती. हिरवा रंग जंगलाचा. शहराच्या नैऋत्येला सहारनपूरच्या रस्त्यावर माजरा नावाचे गाव आहे. एके काळी देहरादूनचा बासमती तांदूळ म्हटला की माजऱ्याचे नाव निघे. अफगाणिस्तानचा अमीर दोस्त मोहम्मद खान याला इंग्रजांनी काही काळ मसुरीला ठेवले होते. त्यानेच हे बियाणे आणवले, असे त्या भागात सांगतात. सांगणे खरे असो वा नसो, तांदळाचा सुवास खरा होता, यात शंका नाही.

'माजरा' या नावाकडे पुन्हा एकदा पाहा. उर्दूत शेतीला 'जराअत' म्हणतात, शेतकऱ्याला 'मुजारे' म्हणतात. त्याच घराण्यातला 'मजरा' हा शब्द आहे. मोठ्या गावाला जोडलेली शेतकऱ्यांची लहान वाडी, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातही हा शब्द गावांच्या नावांत टिकून आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात मजरे कार्वे नावाचे गाव आहे. हिमालयाच्या पायथ्याशी आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी महसुली दप्तरात एकच शब्द होता.

शेतीचे हे गाव विद्येचे गाव कसे झाले, तेही नकाशात दिसते. इतकेच नव्हे, तर त्यावरून नकाशाचे वय काढता येते. समजा, तुमच्या हाती आलेल्या नकाशाची खालची कड फाटलेली आहे आणि वर्ष कोठेच दिसत नाही. मग काय करायचे? प्रथम रेल्वे शोधा. देहरादूनला रेल्वे १९०० साली आली. रुळांची काळी रेघ नसेल, तर पाहणी त्याआधीची. मग चक्राता रस्त्याकडे या. वन संशोधन संस्थेची भव्य इमारत आणि तिचे विस्तीर्ण आवार तेथे आहे का? त्या इमारतीचे उद्घाटन १९२९ साली झाले. त्याआधी ही संस्था 'चांदबाग' येथे होती. चांदबागेवर दून स्कूलचे नाव दिसले, तर नकाशा १९३५ नंतरचा, कारण ती शाळा तेथे १९३५ साली सुरू झाली. भारतीय सैनिकी अकादमी १९३२ साली निघाली. ती ज्या जागेत सुरू झाली, तेथे आधी रेल्वेचे प्रशिक्षण महाविद्यालय होते. अशा खुणा जुळवत गेल्यास दोन-चार वर्षांच्या फरकाने नकाशाचा काळ सांगता येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. पाहणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगळे असू शकते. नुसते छपाईचे वर्ष पाहून 'तेव्हा गाव असेच होते' असे म्हणू नये.

मला या नकाशाचे आणखी एका कारणासाठी महत्त्व वाटते. देशभरातले नकाशे ज्या विभागाने केले, त्याचे मुख्य कार्यालय देहरादूनलाच आहे. १८३४-३५ साली जॉर्ज एव्हरेस्टने याच खोऱ्यात सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजून घेतली. अशा रेषेला आधाररेषा म्हणतात. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे तुम्ही भूमितीत शिकता. त्याच युक्तीने त्रिकोणाला त्रिकोण जोडत देश मोजला गेला. एव्हरेस्टचे नाव शिखराला मिळाले आणि सर्वांच्या तोंडी राहिले. त्याची अवजड, नाजूक यंत्रे दुरुस्त करणारे अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन आणि किचकट आकडेमोड करणारे बंगालचे राधानाथ सिकदार यांची नावे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत. त्यांच्याबरोबर साखळ्या आणि तंबू वाहणाऱ्या खलाशांची तर नावेही उरलेली नाहीत.

आता तो नकाशा आजच्या देहरादूनशेजारी ठेवू. १९०१ साली गावाची वस्ती सुमारे २८ हजार होती. २००० साली उत्तराखंड राज्य झाले आणि देहरादून राजधानीचे काम पाहू लागले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या जवळ पोहोचली होती. माजऱ्याच्या बाजूला, जेथे पिवळा रंग होता, तेथे आता मोठे बसस्थानक आहे. डोंगरात चुनखडीच्या खाणी निघाल्या आणि हिरव्या उतारांवर पांढरे ओरखडे पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने १९८५ साली त्यांतल्या अनेक खाणी बंद करायला लावल्या.

शहराच्या पूर्व भागातून वाहणारा कालवा झाकून त्यावर रस्ता रुंद केला गेला. कालवा दिसत नाही, पण रस्त्याचे नाव ईस्ट कॅनाल रोड असेच आहे. सर्वेक्षण विभागाची भूमापनशास्त्राची शाखा याच रस्त्यावर आहे. ज्यांनी कालव्याची रेषा कागदावर काढली, त्यांच्या दारातला कालवा आता कागदावरच पाहायचा!

आणि त्या काळ्या रेषा? बिंदाल आणि रिस्पना यांच्या रुंद, कोरड्या पात्रांत घरे उभी राहिली. कोरडी जागा म्हणजे रिकामी जागा, असे लोकांना वाटले. पात्रात झोपडी बांधणारा माणूस हौसेने तेथे जात नाही. शहरात मजुरीला आलेल्याला दुसरीकडे जागा परवडत नाही, म्हणून तो तेथे जातो. त्याला मी दोष देणार नाही. पण ज्यांच्या कपाटात हे नकाशे असतात आणि ज्यांना ते वाचता येतात, त्यांनी ती रेषा पाहायला हवी होती. नकाशा काढणाऱ्याने पात्र कोरडे असतानाही त्याच्या दोन्ही कडा नीट आखल्या होत्या. नदी आज येथे नाही, पण ती येते आणि येते तेव्हा तिला एवढी जागा लागते, असे तो सांगत होता.

१६ सप्टेंबर २०२५ च्या पहाटे देहरादूनच्या वरच्या भागात अतिवृष्टी झाली. टोन्स नदीचे पाणी तिच्या काठावरच्या टपकेश्वर मंदिरात शिरले. सहस्रधारा आणि मालदेवता या भागांत रस्ते खचले, दुकाने आणि घरे वाहून गेली, माणसे दगावली. पाऊस किती पडेल, हे जुना नकाशा सांगू शकत नव्हता. पडलेले पाणी कोणत्या वाटेने जाईल, हे मात्र त्यात शंभर वर्षांपासून लिहिलेले होते.

तुमच्या गावाचे पत्रकही असेच काढता येते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, घेऊन पाहू. हे शहर १९ अंश ५३ मिनिटे अक्षांश आणि ७५ अंश २० मिनिटे रेखांश यांच्या आसपास आहे. १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांचा मोठा चौकोन ४७ क्रमांकाचा. त्यात ७५ ते ७६ ही शेवटची उभी ओळ, तिचे सर्वांत वरचे घर 'एम'. त्यातला पाचवा भाग. म्हणून पत्रक ४७ एम/५. या पत्रकात खाम नदी आहे, आणि मलिक अंबरच्या काळातली नहर-ए-अंबरी ज्या उतारावरून शहरात पाणी आणत असे, तो उतारही समोच्च रेषांत आहे. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश नकाशासंग्रहात पाहा, वहीत चौकोन आखा आणि क्रमांक काढा. पत्रक मिळाले की आधी निळ्या रेषा पाहा, मग काळ्या.